इंचाला बावन्न

नदाफ मॅडमनी चादर उजेडाला धरली,
पितळी भिंग ठेवलं, सुईच्या टोकानं मोजलं :
अठ्ठेचाळीस.
दुसऱ्या टोकाला पुन्हा. अठ्ठेचाळीस.
"करारात बावन्न आहेत, चिट्याल."
मी चहा पुढं केला.
त्या आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या.

साडेतीन हजार चादरी परत.
सत्तर फूट रोडच्या उन्हात टेम्पो उलटा फिरला
आणि मी मनात, तेलुगूत, जे बोललो
ते मराठीत लिहिण्यासारखं नाही.
चार धागे ओ मॅडम,
चार धाग्यांनी पेशंट मरतो काय?

यांच्या आधीचे साहेब भिंग आणायचेच नाहीत.
बोटांनी चाचपायचे. बोटं हुशार :
कापड न बघता सुताचा नंबर सांगायची,
पाकीट न उघडता आकडा.
त्यांच्या काळात माझे बारा माग
रात्रपाळीतही वाजत होते, खोटं कशाला बोलू.

मग आला एक देवमाणूस.
शेंगाचटणीची पुडीसुद्धा परत पाठवली.
पण सहीला हात थरथरायचा.
चौकशी लागेल, ऑडिट येईल, वरून विचारतील;
अकरा महिने फाइल त्यांच्या टेबलावर
स्वच्छ झोपली.
तीन माग मी भंगारात घातले, किलोवर गेले.
कांडी भरणारी यल्लव्वा विड्या वळायला लागली.
निरोपाचा हार मीच नेला होता.
शिवी द्यायला जागाच नव्हती त्या माणसात.

आमची संयुक्ता कॉलेजात अर्थशास्त्र शिकते.
म्हणाली, नाना, याला मिश्र अर्थव्यवस्था म्हणतात.
म्हटलं, आमच्यात मिक्स म्हणजे खोटं सूत.
ती हसली नाही.
तेव्हापासून मांडत बसतो :
माग माझे, वीज मंडळाची,
सूत सहकारी गिरणीचं, कर्ज नागरी बँकेचं,
नळ महापालिकेचा, पाचव्या दिवशी, तोही पहाटे तीनला,
गिऱ्हाईक सरकार, आणि पांघरणारा
कुणी मोहोळचा, कुणी अक्कलकोटचा, मला अनोळखी.
यात माझं किती, सरकारचं किती,
उसवून दाखवा.
कापड राहणार नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडम कारखान्यात.
ओढणी कमरेला खोचून मागाखाली वाकल्या.
भीम बघितला, फणी बघितली, मग दातेरी चक्र.
"हे झिजलंय. कापड लवकर ओढतं."
सुताची लडी काट्यावर घातली :
लेबलावर वीस नंबर, वजनाला सतरा.
"जाड सूत देतायत तुम्हाला. किलोमागं लांबी कमी."
गिरणीची नोटीस माझ्याच टेबलावर लिहिली,
दोन परिच्छेद, एक शब्द जास्त नाही.
"आजोबा गाद्या भरायचे," एवढंच म्हणाल्या,
"विजापूर वेशीत."

चक्र बदललं, नऊशे रुपयांत.
दंड भरावाच लागला.
सूट मागितली. नाही म्हणाल्या.

मे महिन्यात अम्माला सिव्हिलमध्ये ठेवलं. खुब्याचं हाड.
अंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यात माझाच शिक्का,
पाकीटवाल्या साहेबांच्या सालातला.
उचलून धरली तर आरपार
छताचा पंखा फिरताना दिसत होता.
"मनदेना?" अम्मानं विचारलं. आपलीच का?
मी म्हटलं, नाही.

काल कळलं, मॅडमची बदली झाली.
नंदुरबार की गडचिरोली, कुणाला नक्की माहीत नाही.
तीन वर्षं भरायला चौदा महिने होते अजून.
गिरणीचे चेअरमन पेढे वाटतायत म्हणे.
नवीन साहेब सोमवारी.
कसे आहेत, अशोक चौकात जो तो विचारतोय,
नळ कधी येणार विचारावं तसं.

मी भिंग घेतलंय. पितळी, दोनशे ऐंशीला.
रात्री माग थांबले की मोजतो.
आज एकावन्न आले.
भिंग पुसलं.
पुन्हा मोजतोय.